आजोबांची सोळा बोरची दुनळी: आतून वाढवून बारा बोरची करून घ्यावी का?

वारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या अंगाला. घरात आजोबांची दुनळी बंदूक आहे. परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, त्यांच्यामागे वडिलांच्या नावावर झाला. नूतनीकरण वेळच्या वेळी असतं, निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि परत येते. कागदाची बाजू चोख आहे.

बंदूक सोळा बोरची (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप; आकडा लहान तेवढं भोक मोठं). दोन्ही नळ्या शेजारीशेजारी, घोडे बाहेर, चाप दोन. नळ्यांवर नागमोडी रेघांची नक्षी आहे, उजेडात तिरकी धरली की लाकडाच्या रेषांसारखी दिसते. कुंदा अक्रोडाचा असावा, हाताच्या जागी गुळगुळीत झालाय.

अडचण काडतुसांची. सोळाची काडतुसं सांगली, कोल्हापूर, पुणे कुठंच मिळेनात. दुकानदार म्हणतात बाराची हवी तेवढी घ्या. कुपवाड एमआयडीसीत माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे. तो म्हणतो, दोन्ही नळ्या आतून वाढवू, मागं बाराच्या काडतुसाचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, काढू, दोनतीन हजारात काम होईल. बाहेरच्या देशातले लोक असं काम घरच्या गॅरेजमध्ये करतात त्याचे व्हिडिओही त्यानं दाखवले. लायसनवाल्या कारागिराकडं जायचं तर खर्च किती येईल याचा अंदाज नाही. माझी ऐपत पंधरा हजारांपर्यंत आहे.

भुईमुगाला आणि उसाला रानडुकरांचा त्रास आहे, त्यामुळं बंदूक चालती असावी असं वाटतं. वडील सत्तरीच्या पुढं गेलेत आणि त्यांचा या बंदुकीवर फार जीव आहे. कुणी असं काम करून घेतलं असेल तर सांगा.

लेथवरचा

मिरजेत टूलरूम चालवतो. कायद्याचं जाणकार सांगतीलच, मी फक्त मापाचं बोलतो.

सोळा बोरच्या नळीचा आतला व्यास साधारण १६.८ मिलिमीटर. बाराचा १८.५. म्हणजे व्यासात १.७ वाढवायचे, दर बाजूची भिंत ०.८५ मिलिमीटरनं कमी करायची. आता तुमच्या नळीची भिंत पुढच्या भागात किती जाड असेल? चांगल्या हलक्या दुनळीत पुढं एक मिलिमीटरच्या आसपास असते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. त्यातून ०.८५ काढले तर हातात काय राहतं ते बघा. पत्र्याच्या डब्याइतकीच पातळ भिंत उरते. आणि ही भिंत सगळीकडं सारखी नसते. शंभर वर्षांत आतून गंज खाल्लेला असतो, कधीतरी कुणीतरी पॉलिश मारलेलं असतं, बाहेरून पोचा आलेला असतो. लेथवर मध्य साधून वाढवायला गेलात तर एका अंगाला टूल भिंतीच्या पार जाईल.

मागच्या बाजूला भिंत जाड असते म्हणून तुमचे मित्र म्हणत असतील की तिथं जमेल. पण दोन चेंबरच्या मधली भिंत सामाईक असते, ती दोन्हीकडून कमी होते. काडतुसाच्या बुडाची कड बसायची खाच, काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, काडतुसाची दारू पेटवणाऱ्या टिकल्यांची जागा, हे सगळं सोळाच्या मापाचं आहे. एक बदललं की चार गोष्टी बदलाव्या लागतात.

माझ्याकडं हे काम आलं असतं तर हात लावला नसता. मित्राचा हात कितीही चांगला असू दे, धातूच नाही तर हात काय करणार.

निवृत्त_आर्मोरर

वारणाकाठ, तुमच्या नळ्यांवरची नागमोडी नक्षी वाचून लगेच लिहायला बसलो. फौजेत सगळी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, आता सातारला असतो.

ती नक्षी वरून काढलेली नाही, नळीच तशी बनली आहे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, गोल सळईभोवती वेटोळ्यांनी गुंडाळायच्या आणि तापवून ठोकून सांधायच्या, अशी ती पद्धत. दमास्कस किंवा ट्विस्ट बॅरल म्हणतात. म्हणजे नळीच्या पूर्ण लांबीत सांधाच सांधा आहे. नवी असताना मजबूत असते, यात शंका नाही. पण एखाद्या सांध्यात भट्टीची राख अडकून राहिली असेल तर ओल तिथून आत शिरते आणि वरून काही न दिसता आतल्या आत गंज चढतो. अशी नळी आतून कोरली तर लपलेला सांधा उघडा पडतो.

दुसरी गोष्ट दारूची. या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ मध्ये निघाली आणि पुढच्या पंधरावीस वर्षांत तिनं सगळं बदललं. तिचं जळणं वेगळं, नळीत दाब चढण्याची रीत वेगळी. आज दुकानात मिळणारं बारा बोरचं काडतूस बिनधुराच्या दारूचं असतं. खडकीच्या कारखान्यातलं घ्या नाहीतर बाहेरचं. त्यातून तुमच्या बंदुकीचं अंग सोळाच्या मापाचं, हलकं. बाराच्या काडतुसात शिसं जास्त, धक्का जास्त. नळी जिथं उघडते तिथल्या बिजागरीच्या पिनवर आणि खालच्या कुलपावर तो सगळा भार येतो. घोड्यांच्या दुनळ्या मी उघडून बघितल्यात. बऱ्याच जणींत नळी आणि मागची पाटी यांच्यामध्ये फट पडलेली असते. नळ्या बंद करून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर ती बंदूक मूळच्या सोळाच्या काडतुसालाही लायक राहिलेली नाही.

फुटली तर कुठं फुटते हेही ऐकून ठेवा. चेंबरच्या पुढं वीतभर अंतरात, म्हणजे जिथं डाव्या हातानं नळी धरलेली असते तिथंच.

आता तुम्ही म्हणाल की जुन्या बंदुका बदलल्याच की सरकारनं. बदलल्या, पण कशा ते बघा. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड ठासणीच्या बंदुका इंग्रजांनी १८६६ पासून स्नायडर केल्या. नळीचा मागचा तुकडा कापला, तिथं बाजूला उघडणारा ठोकळा बसवला आणि नळी मात्र .५७७ चीच ठेवली. काडतूस नळीच्या मापाचं नवीन बनवलं. पुढं मार्टिनी-हेन्री रायफलीची .३०३ केली तेव्हा जुनी नळी कोरत बसले नाहीत, .३०३ ची नवी नळी चढवली. आपल्याकडं इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींची .४१० बोरची पहाऱ्याची मस्केट करायचे. पोलादी नळी, कारखान्याची यंत्रं, शेवटी प्रत्येक नळीची दाबचाचणी. त्या कामाची आणि गॅरेजमधल्या कामाची बरोबरी कुठं होते?

तुमच्या नळ्यांच्या पोटाखाली, पुढचा लाकडी भाग काढल्यावर, काही छाप दिसतील. परवाना वडिलांच्या नावावर आहे ना, मग त्यांच्याच हातानं, त्यांच्यासमोर काढा आणि काय दिसतं ते इथं शब्दांत लिहा. एन-पी असा छाप आहे का तेही बघा. अनुक्रमांक लिहू नका.

कोरेगावकरीण

ती फट बघायची गोष्ट माहीत नव्हती. आमच्या चुलत्यांच्या बंदुकीचं आजच बघायला सांगते.

वकील_कराड

आता माझी बाजू.

शस्त्र कायदा १९५९, कलम ५. बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं, यांतल्या प्रत्येक गोष्टीला वेगळा परवाना लागतो. वडिलांकडचा परवाना बाळगण्याचा आहे, बदल करण्याचा नाही. तुमच्या मित्राकडं तर कसलाच नाही. या कलमाचा भंग झाला तर कलम २५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. हा आकडा पुन्हा वाचा. दोनतीन हजारांच्या कामासाठी मित्र, तुम्ही आणि सत्तरी ओलांडलेले वडील, तिघं आरोपी.

शिवाय परवान्यावर हत्याराचं वर्णन असतं: प्रकार, बोर, क्रमांक. सोळाची बारा झाली की ते हत्यार परवान्यावरचं राहत नाही. पुढच्या निवडणुकीत जमा करायला न्याल तेव्हा हवालदार वही उघडून ताडून बघतो, तिथंच प्रश्न उभा राहील.

बाहेरच्या देशातले व्हिडिओ तिथल्या कायद्यात बसत असतील. इथं त्यांचा उपयोग नाही.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मापाचा हिशेब वाचून मित्राला फोन केला, तोही गप्प झाला. पण एक विचारतो. बंदूक आमची, परवाना आमचा, आणि चालू करायची तीही पिकासाठी. मग यात काहीच मार्ग नाही का? लायसनवाला दुरुस्तीवाला करून देऊ शकतो का?

वकील_कराड

दुरुस्तीचा परवाना असलेला माणूस दुरुस्ती करू शकतो. घोड्याची कमान बदलणं, ढिला झालेला कुंदा बसवणं, ही कामं होतात. वडिलांना जाणं जमत नसेल तर कलम ३ मध्ये सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला नेऊ शकतो. पत्रावर तारीख, बंदुकीचं वर्णन आणि दुकानाचं नाव हवं. परत आणताना पावती सोबत ठेवायची. बोर बदलणं मात्र दुरुस्ती नव्हे. आणि आर्मोरर काकांनी लिहिलंय ते वाचल्यावर कुठलाही जबाबदार कारागीर ते करणार नाही.

पिकाचं म्हणाल तर त्याचाही गैरसमज काढतो. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं, मारायचं तर वन खात्याची परवानगी वेगळी लागते. त्यापेक्षा पीक उकरल्याबरोबर फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज भरा. उशीर केलात तर अर्ज मागं पडतो.

जावळीचा_शेतकरी

भरपाईचं खरं आहे, पण कागद सगळे हवेत. सातबारा, बँक पासबुक, आणि नुकसान दिसेल असा फोटो. आम्ही बांधाला झटका मशीनची तार ओढली, बॅटरीवर चालते. डुकरं तेव्हापासून निम्मी झाली. मेनलाइनवरून थेट करंट मात्र कुणी सोडू नका, माणसं मेलीत त्यानं.

माळ्यावरची_ठासणी

विषय थोडा वेगळा, पण इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो. पाटण तालुक्यातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर एक लांब ठासणीची बंदूक सापडली. गंजलेली, घोडा हलत नाही. कसलाही कागद नाही. ही अँटिक म्हणून घरात ठेवता येते ना? साफ करून दिवाणखान्यात लावायचा विचार आहे.

निवृत्त_आर्मोरर

आधी थांबा. साफ करायच्या आधी ती भरलेली आहे का हे कळायला हवं. ठासणीच्या बंदुका भरून ठेवून द्यायची पद्धत होती, आणि काळी दारू कोरड्या जागी पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. तोंड माणसांपासून लांब आणि स्वतःपासून बाजूला ठेवा. बारीक लाकडी काठी, लोखंडी सळई नव्हे, नळीत हळूच अलगद सोडा, जिथं टेकेल तिथं तोंडापाशी खूण करा. तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचं दुसरं टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे जिथं टोपी बसते त्या जागेपर्यंत पोचलं तर नळी बहुतेक रिकामी. चार बोटं अलीकडंच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग उकरायचं नाही, पाणी तेल ओतत बसायचं नाही, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवायचं नाही. आहे तिथं ठेवून पोलिसांना कळवा.

वकील_कराड

आणि कळवायचं तर दोन्ही बाबतीत आहे, भरलेली असो वा नसो. कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे, पण अट नीट वाचा: दुरुस्ती करून किंवा न करता, कशानंही ती बंदूक म्हणून वापरता येण्याजोगी नसावी. गंज काढून घोडा हलता केला की बार निघेल, अशी बंदूक त्या सुटीत बसत नाही. ती बसते की नाही हे तुम्ही आम्ही ठरवायचं नसतं. पोलीस पाटलांना सोबत घ्या, ठाण्यात लेखी अर्ज द्या की वाड्यात अशी वस्तू सापडली, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. स्वतःहून कळवणाऱ्याकडं बघायची दृष्टी वेगळी असते. घोडा मोकळा करायच्या फंदात तर अजिबात पडू नका. आज जी निकामी आहे तिला तुम्हीच हत्यार कराल.

जुनं_जपणारी

मी वस्तुसंग्रहालयांसाठी धातू आणि लाकूड जतनाचं काम करते. औंधचं श्री भवानी संग्रहालय बघितलं नसेल तर दोघांनीही जाऊन या. साताऱ्यातही बसस्थानकाजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. जुनी हत्यारं कशी ठेवलीत, अंतर किती, टेकू कुठं दिलेत हे बघण्यासारखं असतं.

वारणाकाठ, तुमच्या पंधरा हजारांतले हजार-पंधराशे पुरतात, बाकी वाचवा. आधी काय करायचं नाही ते सांगते, कारण नुकसान तिथंच होतं. पॉलिश पेपर नाही. तारेचा ब्रश नाही. चिंच, लिंबू, टॉयलेट क्लीनर नाही. बफिंगच्या चाकावर तर मुळीच नाही. तुमच्या नळीवरच्या त्या नागमोडी रेघा तपकिरी रंगाच्या एका पातळ थरावर उभ्या आहेत. मुद्दाम गंज चढवून, उकळून, घासून तो थर बनवणाऱ्यानं आणलेला असतो. एकदा घासला की नळी नुसती पांढरी पडते आणि ती नक्षी जाते. परत आणणारे हात आता फार थोडे आहेत.

करायचं ते असं. हातात सुती किंवा रबरी मोजे, कारण घामातलं मीठ बोटांचे ठसे गंजात उमटवतं. मऊ सुती फडक्याला शिलाई मशीनचं पातळ तेल चार थेंब, नळीवरून हलकंच फिरवायचं, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. तेल दिसता कामा नये, नुसता हात फिरल्यासारखं वाटावं. लाल गंजाचा ठिपका असेल तर त्यावर तेल रात्रभर राहू द्या आणि सकाळी बांबूच्या टोकदार काडीनं खरवडा. बांबू पोलादापेक्षा मऊ, म्हणून तो चालतो. कुंद्याला तेल पाजायचं नाही. नळीचं तेल मागं झिरपून कुंद्याच्या मानेत साचतं, लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं आणि तिथंच तडकतं. म्हणून तेल लावल्यावर बंदूक तोंड खाली करून ठेवा. लाकडाला वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात पुरे.

शिराळ्याच्या पट्ट्यात पाऊस भरपूर, हवा चार महिने ओलसर. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या बॅगेत बंदूक कधी ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या कापडात गुंडाळा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर पंधरवड्याला उघडून बघा. भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल देते.

वकील_कराड

कपाट कुलूपबंद आणि काडतुसं वेगळ्या जागी. दिवाणखान्यात टांगायची तर गोष्टच नको. परवान्यातलं हत्यार सुरक्षित ठेवणं ही परवानाधारकाची जबाबदारी आहे.

लेथवरचा

खंडेनवमीच्या पूजेसाठी बंदूक ठेवायला सागवानी घोडी (स्टँड) करून हवी असेल तर मी करून देतो, पैसे नकोत. नळीचा व्यास बाहेरून किती आणि दोन टेकूंमध्ये अंतर किती ठेवायचं तेवढं सांगा. टेकूवर काय लावू? फेल्ट?

जुनं_जपणारी

फेल्ट नको, ओल धरतं. धुतलेलं पांढरं सुती कापड दुहेरी करून बांधा, दर वर्षी बदलता येतं.

वारणाकाठ

आज वडिलांनी स्वतः बंदूक उघडली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या हातात बघितली. बंद करून खिडकीसमोर धरल्यावर उजव्या नळीमागं उजेडाची बारीक रेघ दिसली. वडील ती रेघ बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आता हिला बार नको."

नळ्यांच्या पोटाखाली दोन्हीकडं मुकुट आहेत, मुकुटाखाली इंग्रजी बी-पी आणि बी-व्ही. एक चौकट आहे, पत्त्यातल्या चौकटसारखी, तिच्यात १६ आणि खाली सी. एन-पी असं कुठं नाही.

निवृत्त_आर्मोरर

छान लिहिलंत, यावरून बरंच कळतं. मुकुटाखालचं बी-पी आणि बी-व्ही म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे छाप. ते १८१३ मध्ये कायद्यानं स्थापन झालं. तिथं नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचे आणि जी टिकेल तिच्यावरच छाप मारायचे. चौकटीतला १६ आणि सी म्हणजे सोळाचं चेंबर. हा छाप १८८७ पासूनचा, म्हणजे तुमची बंदूक त्याच्या आधीची असायची शक्यता कमी. एन-पी हा बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा छाप १९०४ पासून आला. तो नाही याचा अर्थ या नळ्यांची चाचणी फक्त काळ्या दारूवर झालीय. सोळाची नवी काडतुसं उद्या कुठं मिळाली तरी ती यात घालायची नाहीत. फट दिसलीच आहे, त्यामुळं तो प्रश्न आता उरत नाही.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर ठरवलं.

वकील_कराड

शंभर वर्षांवरची वस्तू आहे असं दिसतंय, तेव्हा पुरावशेष कायदा १९७२ लक्षात ठेवा: परदेशातल्या कुणाला विकून बाहेर पाठवता येत नाही. तसे फोन आले तर सरळ नाही म्हणा.

परवाना सोडायची घाई करू नका. बार काढत नाही म्हणून परवाना लागत नाही असं होत नाही. वडील सत्तरीच्या पुढं असल्यानं शस्त्र नियम २०१६ प्रमाणं ते हयात असतानाच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत वडिलांना घेऊन जा. मूळ परवाना, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), दोघांची ओळखपत्रं, बाकीच्या भावंडांचं ना हरकत पत्र आणि तुमचा अर्ज, एवढं बरोबर न्या. त्यात पोलीस पडताळणी होते, थोडा काळ जातो. परवान्याची मुदत संपायला किती बाकी आहे?

वारणाकाठ

मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे. दोन्ही बहिणी सही द्यायला तयार आहेत. सोमवारी वडिलांना घेऊन सांगलीला जातोय. लेथवरचे दादा, नळीचं बाहेरचं माप घेऊन तुम्हाला कळवतो, येताना मिरजेला तुमच्याकडं येऊ का?

लेथवरचा

या की. दुपारनंतर या, सकाळी दोन जॉब आहेत. बंदूक आणू नका, मापं पुरतात.